सरांच्या मापाचं हेल्मेट

क्रांती चौकाजवळच्या खेळाच्या दुकानात मी पर्समधून टेप काढला, तेव्हा काउंटरमागचा आकाश हसला.

"भाभी, हेल्मेट घ्यायचंय का शेरवानी?"

मी म्हटलं, "बावीस वर्षं ब्लाउज शिवतेय मी. अर्ध्या इंचानं काय बिघडतं ते तुला नाय कळायचं. तू माल काढ."

त्याचं तरी काय चुकलं म्हणा. त्याच्याकडं येणारी शंभरातली नव्व्याण्णव माणसं क्रिकेटवाली. आणि माझ्या शेजारी स्टुलावर बसलेले गोकुळ सर, म्हणजे माझा नवरा, बेसबॉलचे अंपायर. पडेगावच्या पुढच्या एका शाळेत ते खेळाचे शिक्षक आहेत. अख्खी वस्ती त्यांना सर म्हणते म्हणून मीही सरच म्हणते. सुरुवातीला चिडवायला म्हणायचे, मग तेच तोंडात बसलं.

बेसबॉलमध्ये समोरून पिचर बॉल फेकतो, बॅटवाला तो मारायला बघतो, त्याच्या मागं कॅचर उकिडवा बसतो आणि कॅचरच्या खांद्यावरून वाकून बघत अंपायर उभा राहतो. बॅटला निसटता लागलेला बॉल कॅचरला चुकला की थेट अंपायरच्या तोंडावर. एवढं कळलं तरी पुष्कळ. मला लग्नानंतर दहा वर्षं एवढंही कळत नव्हतं.

शाळेत सरांना कोण विचारतं? निवडणूक आली, सर जा. खिचडीचे तांदूळ आले, सर उतरवून घ्या. पाहुणे आले, सर सतरंज्या घाला. पण मैदानात कॅचरच्या मागं उभे राहिले की चारही बाजूंची माणसं त्यांच्या हाताकडं बघतात. त्यांनी मूठ वर केली की स्ट्राइक. मग बॅट धरलेला पोरगा कुठल्या का पुढाऱ्याचा असेना. घरी आल्यावरही त्या दिवशी सर जरा ताठ चालायचे, आणि मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

म्हणून तर मी टेप घेऊन त्या दुकानात गेले होते. सरांना थांबवणं मला जमलं नव्हतं. डोकं वाचवता आलं तर बघावं, एवढंच हातात उरलं होतं.

आणि सरांच्या डोक्याला पहिला मार लागला तो माझ्यामुळं.

खंडेनवमीला आमच्या घरी हत्यारं पुजतात. खुरपं, विळा, कुऱ्हाड, माझं शिलाई मशीन, कात्री, सरांची स्कूटर आणि सरांचा मास्क. मास्क म्हणजे तोंडापुढचा लोखंडी पिंजरा, मागून पट्ट्यांनी आवळायचा. गेल्या खंडेनवमीला माझ्या सासूबाईंनी, मनकर्णाबाईंनी, त्याला हळदकुंकू लावून झेंडूची माळ घातली. मी त्यांना आत्याबाई म्हणते. पूजेत ठेवलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत हलवायचं नाही, असा आमचा नेम. कात्रीनं दोरासुद्धा कापायचा नाही.

दहा वाजता सरांना फोन आला. विभागाच्या मॅची चालू होत्या, एक अंपायर तापानं पडला होता. सर पाटाकडं गेले आणि मास्कला हात घालणार एवढ्यात मी स्वयंपाकघरातून ओरडले, "पूजेतलं उचलू नका! वर्षाचा सण आहे, अपशकुन कशाला?"

आत्याबाई काही बोलल्या नव्हत्या, हे मी मुद्दाम सांगते. मीच बोलले होते.

सर कधी वाद घालत नाहीत. म्हणाले, "बरं. शाळेत क्रिकेटचं हेल्मेट हाय, त्याच्यावर भागवतो."

क्रिकेटच्या हेल्मेटला वरची टोपी आणि खालची जाळी यांच्यामध्ये फट असते. बॅटवाल्याला नीट दिसावं म्हणून कुणीतरी ती ढिली करून ठेवली होती. बॉल त्या फटीत येऊन अडकला. पूर्ण आत आला नाही, पण डाव्या भुवईवर जेवढा बसायचा तेवढा बसला. सरांनी पुढची मॅच तशीच काढली. संध्याकाळी घरी आले तेव्हा भुवई लिंबाएवढी सुजली होती. म्हणाले, दाराची चौकट लागली. आणि मी विश्वास ठेवला. पाटावर मास्क माळ घालून बसलेला होता, आणि मी त्याच्यासमोर निरांजन लावत होते.

तीन आठवड्यांनी सर स्वतःचा मास्क लावून परत उभे राहिले. या वेळी बॅटवाल्यानं जोरात फिरवलेली बॅट मागं आली आणि सरांच्या उजव्या कानामागं लागली. मास्क पुढून झाकतो, मागं नुसत्या पट्ट्या. घरी आल्यावर दोनदा उलटी झाली, दोन दिवस अंधाऱ्या खोलीत पडून होते, आणि तेव्हा भुवईचं खरं बाहेर आलं.

डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. म्हणाले, आता तिसरा मार नको. मी विचारलं, "चांगलं हेल्मेट घेतलं तर?" ते म्हणाले, "बाई, हेल्मेटनं कवटी वाचते. आत जे हलतं त्याला हेल्मेट नसतं." मी त्यातलं पहिलं वाक्य तेवढं घेऊन घरी आले.

त्यानंतरचं कुणाला सांगायची सोय नव्हती. सर चहा प्यायचे आणि दहा मिनिटांनी विचारायचे, चहा झाला का? ट्यूबलाइट लावली की डोळे मिटून घ्यायचे. एकदा स्कूटर घेऊन पेट्रोल भरायला गेले आणि चालत घरी आले. मी विचारलं, गाडी कुठंय? तर माझ्याकडं असे बघत राहिले की विचारल्याची मलाच लाज वाटली. बाकी दिवस अगदी चांगले असायचे. चांगल्या दिवसांमुळंच माणूस फसतो.

अशात राज्याची स्पर्धा आपल्याच शहरात ठरली, गारखेड्याच्या मैदानावर. जिल्ह्याच्या अंपायर लोकांचं काम बघणारे आप्पासाहेब घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "सर, फायनल तुमचीच. वीस वर्षं उभे राहिलात, फायनल कधी मिळाली नाय." सरांचं तोंड असं उजळलं की मी आत जाऊन भांडी आपटली.

मी काही करायचं बाकी ठेवलं नाही. भांडले. स्कूटरची चावी पिठाच्या डब्यात लपवली. चार दिवस अबोला धरला, तर सरांनी चौथ्या दिवशी विचारलं, "आज बोलत का नाय?" पहिले तीन दिवस त्यांच्या लक्षातच नव्हते. आप्पासाहेबांना गाठलं, तर ते म्हणाले, "वहिनी, डॉक्टरचं लेखी आणा, मी नाव काढतो. बिगर कागदाचं मी कसं काढू?" डॉक्टरांनी कागद दिलेला होता. तो सरांनी कुठं ठेवला ते सरांना आठवेना. खोटं बोलत होते की खरंच आठवत नव्हतं, ते मला ओळखता येईना. बावीस वर्षं संसार केलेल्या माणसाचं खोटं ओळखता येत नाही म्हणजे काय, ते कळलं आणि मी एकटीच मोरीत उभी राहून रडले.

दुसरा कागद आणता आला असता. पण त्या रात्री जेवताना सर म्हणाले, "दीपा, एवढ्या एका मॅचला उभं राहू दे. मग तू म्हणशील ते." त्यांनी माझ्याकडं कधी काही मागितलेलं नाही. मी कागद आणायला गेले नाही.

मग उरलं ते हेल्मेट. वरातीमागून घोडं, दुसरं काय.

आकाशनं आधी क्रिकेटचं पुढं केलं. "हे घ्या, एकदम कडक माल." मी ते हातात न घेताच म्हटलं, "हे माझ्यासमोर ठेवू नको." त्यानं निमूट उचललं. मग नुसता मास्क काढला. नवा, हलका, जाळी काळी. सर खुशीत आले. "हाच बरा. याच्याखाली टोपी राहती, बॉल हवेत उडला की झटक्यात काढून वर बघता येतं." मी त्यांना वळवलं आणि कानामागं बोट टेकवलं. "आणि हे?" म्हटलं.

तेवढ्यात सरांनी आकाशला विचारलं, "वडील बरे हायत का रे?"

आकाशचा हात खोक्यावर थांबला. "सर, ते गेले ना. दिवाळीत. तुम्ही आला होतात की."

"व्हय, व्हय," सर म्हणाले, "लई चांगला माणूस." आणि मान खाली घालून मास्कचे पट्टे लावत-काढत बसले.

आकाशनं माझ्याकडं बघितलं. मी टेप गुंडाळत होते. मग तो मागच्या खोलीत गेला आणि एक मोठं खोकं घेऊन आला. आत अख्खं हेल्मेट होतं. डोकं, कान, मान, सगळं झाकणारं, पुढं पक्की जाळी, हनुवटीखाली गळा झाकायला लोंबती पट्टी. एका कॉलेजसाठी मेरठहून दोन मागवली होती, म्हणाला, त्यातलं हे राहिलं.

मी ते उलटं केलं. कपडा घेताना मी आधी आतली शिवण बघते, बाहेरून काय, सगळंच चकाकतं. आत कपाळाला, गालाला, मागं अशा गाद्या होत्या. अंगठ्यानं दाबून बघितल्या. दाबल्या की बसत होत्या आणि सोडल्या की सावकाश वर येत होत्या. कपाळाची गादी पातळ वाटली. आकाशनं दुसरी जाड दिली, ती मी जागेवर बसवली. सरांच्या डोक्याचा घेर घेतला, भुवयांच्या वरून, कानांच्या वरून. पावणेतेवीस इंच. डाव्या भुवईवर टेप जरा उचलला गेला, तिथं अजून टेंगूळ होतं.

"घाला," मी म्हटलं. "आता वाका. मॅचला वाकता तसं."

सर दुकानाच्या मधोमध गुडघे वाकवून, हात मांडीवर ठेवून उभे राहिले. रस्त्यावरची दोन माणसं थांबून बघायला लागली. मी त्यांच्याभोवती फिरले. जाळीची आडवी सळई डोळ्यांसमोर येते का, विचारलं. मान हलवा म्हटलं, हेल्मेट मानेबरोबरच हललं, मागं राहिलं नाही. गाल आणि गादीच्या मध्ये करंगळी घालून बघितली, गेली नाही. कपाळाशी घालून बघितली, गेली नाही. कानाशी, मानेशी, कुठंच गेली नाही. इतकं मापात बसलेलं कापड मी आयुष्यात शिवलेलं नाही.

"गरम होतंय," सर आतून म्हणाले. "नाकापेक्षा मोती जड झालाय."

"होऊ द्या जड," मी म्हटलं.

निघताना सरांनी हेल्मेट काखेत घेतलं आणि आकाशच्या पाठीवर हात ठेवला. "वडील बरे हायत ना रे?"

"बरे हायत सर," आकाश म्हणाला. "तुमची आठवण काढतात."

स्कूटर आता मीच चालवत होते. छावणीपर्यंत मला रस्ता नीट दिसत नव्हता.

घरी आत्याबाईंनी हेल्मेट बघितलं. नवी वस्तू घरात आली की त्यांचा हात आपोआप कुंकवाच्या डबीकडं जातो. गेलाच. बोट कुंकवात बुडलं आणि मग तिथंच थांबल्या. माझ्याकडं बघितलं. पदरानं बोट पुसलं आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. याला नको." चार महिन्यांत त्या खंडेनवमीबद्दल एक शब्द बोलल्या नव्हत्या. तेव्हाही बोलल्या नाहीत. मला वाटलं, बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

फायनलच्या दिवशी मी गिऱ्हाइकांना दुपारनंतर या म्हणून सांगितलं आणि सरांच्या मागं, तारेच्या जाळीपाशी, सकाळीच जाऊन बसले. आप्पासाहेब म्हणाले, "वहिनी, मंडपात बसा, सावली हाय." मी म्हटलं, इथंच बरं. सरांनी डोक्यावर हेल्मेट चढवलं. पट्टा मी आवळून दिला. त्यांच्या एका हातात काडेपेटीएवढं मोजायचं यंत्र होतं. किती बॉल, किती स्ट्राइक, ते अंगठ्यानं चाकं फिरवून त्यात ठेवायचं. बॅटवाल्याच्या टप्प्याबाहेर फेकला तर तो बॉल. असे चार झाले की बॅटवाला फुकटात पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या ठाण्यावर. टप्प्यातला हुकला तर स्ट्राइक, असे तीन झाले की बाद. अख्खी मॅच याच मोजणीवर चालते, आणि ती मोजणी अंपायरची.

माझी मोजणी वेगळी होती. पिचरनं हात मागं नेला की मी श्वास धरायचे. कॅचरच्या हातमोज्यात बॉल धप्पकन बसला की सोडायचे आणि मनात म्हणायचे, एक. मग दोन. मग तीन. सरांना न लागलेला प्रत्येक बॉल मी मोजत होते. सतराव्याला बॅटला लागून बॉल मागं आला आणि सरांच्या खांद्यावरून माझ्यासमोरच्या तारेवर आदळला. मी उठून उभी राहिले. सरांनी मागं वळून हात हलवला. बेचाळीसाव्याला कॅचरच्या गुडघ्याला लागला. एकोणनव्वदाव्याला बॅटवाल्यानं बॅट अशी फिरवली की टोक हेल्मेटपासून वीतभर गेलं. नुसता वारा लागला असेल.

सर काय उभे होते! मूठ वर गेली की मैदान गप्प. एका संघाचा कोच तावातावानं आला, सरांनी त्याला तळहात दाखवून परत पाठवला. मला वाटलं, बाई, तू उगीच घाबरलीस. शंभर झाले. सव्वाशे झाले. हेल्मेट घेतलंस ते बरं केलंस. खंडेनवमीचं फेडलंस. मला खरंच तसं वाटलं. त्या उन्हात बसून मी हसले आणि बरोबर आणलेली शेंगदाण्याची चिक्की काढली.

पाचव्या डावात एका पोराला सरांनी हातानं खूण केली, जा, पहिल्या बेसवर. पोरगा जागचा हलेना. सर परत म्हणाले, "जा." तिकडून कोच ओरडला, "सर, तीनच झालेत!" गुण लिहिणारी मुलगी टेबलावरून म्हणाली, "तीन बॉल, एक स्ट्राइक आहे सर."

सरांनी हातातलं यंत्र बघितलं. उलटं करून बघितलं. अंगठा चाकांवर होता, पण चाकं शून्यावरच होती. कधीपासून, ते देवालाच ठाऊक. अर्धा खेळ ते रिकाम्या यंत्रावर अंगठा धरून, सवयीनं मूठ वर करत आले होते.

दोन्ही कोच आत आले. मंडपातली माणसं उभी राहिली. कुणीतरी शिट्टी मारली. सर त्या सगळ्यांच्या मधे उभे होते आणि मग वळले. आप्पासाहेबांकडं नाही, टेबलाकडं नाही. ते जाळीपाशी आले, माझ्यासमोर. हेल्मेट तारेला टेकलं. आत त्यांचे डोळे होते, घामानं भरलेले, घरी स्कूटर कुठंय विचारल्यावर झाले होते तसे.

"दीपा," सर हळूच म्हणाले, "किती झाले गं?"

मी मोजलं होतं. एकही चुकवला नव्हता. एकशे सदतीस झाले होते. माझ्याकडं तेवढा एकच आकडा होता आणि त्याचा कुणालाही काही उपयोग नव्हता. मला नुसतं तीन म्हणता आलं असतं, ती मुलगी आत्ताच म्हणाली होती. माझ्या तोंडून ते निघालं नाही. मी तारेतून बोट घातलं. त्यांच्या गालावर घाम ओघळत होता, तो पुसावा म्हटलं. बोट हेल्मेटच्या जाळीपर्यंत गेलं आणि सळईला लागून थांबलं.

आप्पासाहेबांनी येऊन सरांचा दंड धरला. "चला सर, जरा पाणी घ्या," म्हणाले. बेसपाशी उभा असलेला दुसरा अंपायर जुना मास्क लावून कॅचरच्या मागं जाऊन उभा राहिला, आणि मॅच सुरू झाली. तीन बॉल, एक स्ट्राइक.

सर माझ्या शेजारी येऊन बसले. मी पट्टा सोडला आणि हेल्मेट काढून मांडीवर घेतलं. गाद्या ओल्या झाल्या होत्या. बाहेरून फिरवून बघितलं. ओरखडासुद्धा नव्हता.

सरांनी बाटलीतलं पाणी प्यायलं, तोंड पुसलं. मैदानाकडं बघत होते. थोड्या वेळानं त्यांचे खांदे परत जरा ताठ झाले, मॅच करून घरी आल्यावर व्हायचे तसे.

"एक बी लागला नाय आज," ते म्हणाले. "बघितलंस ना?"

"बघितलं," मी म्हटलं. "एक बी नाय लागला."